खुर्च्यांखालचं शेवाळ

नाक दाबू नका, जरा ऐका. मी शेवाळ बोलतोय. डबक्यातलं हिरवं, बुळबुळीत, ते नाही हां. मी समुद्रावर तरंगणारा, तपकिरी. मला मूळ नाही, बूड नाही. अंगावर मण्यांएवढे हवेचे फुगे, त्यांच्या जिवावर आयुष्यभर लोळत पडायचं. काम शून्य. आहे का तुमच्याकडे अशी नोकरी?

जन्माचं म्हणाल तर एका झुडपाचा तुकडा मोडला, तो मी. मग माझेही तुकडे मोडले, तेही मीच. आई कोण, पोरं कोण, काही पत्ता नाही.

अंगावर भाडेकरू मात्र भरपूर. नखाएवढे खेकडे, काचेसारखी कोळंबी. एकदा अंड्यातून नुकतंच निघालेलं कासवाचं पिल्लू माझ्यावर चढून झोपलं. मी अजिबात हललो नाही. तसं मला हलता येतच नाही, पण तरी.

मग पाणी तापलं. नद्यांनी शेतातलं खत आणून ओतलं. फुकटचं जेवण! आम्ही हादडलं आणि वाढलो, वाढतच गेलो. वाऱ्याने सगळ्यांना किनाऱ्याकडे ढकललं. वळता आलं असतं, तर वळलो असतो हो.

किनाऱ्यावर एक छोटं लॉज होतं. नवरा गेल्यापासून वहिनी ते चालवायच्या. हाताशी दीर, आणि स्वयंपाकाला मावशी. या हंगामात पाहुणे टिकले नाहीत तर लॉजला कुलूपच लागणार होतं.

"भावजी, ट्रॅक्टर बोलवा आणि ही घाण लांब टाकून या."

"ट्रॅक्टर कशाला, वहिनी? खड्डा काढतो, इथंच गाडतो. वर वाळू, वाळूवर खुर्च्या. कुणाला कळतंय!"

खड्डा काढला तो नेमका खोल्यांच्या खिडक्यांसमोर. मला खेकड्यांसकट गाडलं. खेकडे थोडा वेळ खरवडत राहिले. मग थांबले.

ऊन नाही, वारा नाही. मी सडायला लागलो. आणि माझा सडका वास म्हणजे डिट्टो नासकं अंडं. वर खुर्च्यांवर एक जोडपं बसलं होतं.

"अहो, तुम्ही काही केलंत का?"

"मी? आधी स्वतःचं बघ!"

मी खाली हसून हसून फुटलो. तेवढंच शेवटचं हसलो.

कारण सकाळी नाश्त्याला त्याच माणसाने ताट सरकवलं. "अंडी नासकी आहेत. रात्रभर वास येतोय."

दीर लगेच स्वयंपाकघराच्या खिडकीशी. "काय मावशी, जुनी अंडी खपवताय होय?"

"जीभ सांभाळ. वहिनी, तुमचं लग्न झाल्यापासून माझ्या हातचं खाताय. मी नासकं वाढीन?"

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. पाहुणे बघत होते ना. मावशीने ॲप्रन सोडला, घडी करून खिडकीत ठेवला आणि गेली.

मी खालून ओरडलो, "अहो, मी आहे! तिचं काही नाही!" पण मला तोंड कुठंय? माझ्याकडे फक्त वास. मी जेवढा ओरडलो, तेवढा वास वाढला. सगळी अंडी फेकली, भांडी घासली, तरी वाढतच गेला. पाहुणे बॅगा उचलून निघाले. माझ्या सडक्या वाफेने नळ काळे पडले, वहिनींच्या गळ्यातली चांदीची साखळीसुद्धा. तेव्हा कुठे दिराने खुर्च्या हटवून फावडं मारलं, आणि तिथेच ओकला.

वहिनी खड्ड्याकडे बघत राहिल्या. "मावशींना घेऊन या."

तो गेला तसा परत आला. "दार उघडत नाहीत. आतून म्हणाल्या, वहिनी तेव्हा गप्प होत्या, आताही गप्पच राहू देत."

आता लॉजला कुलूप आहे. मला उपसलंय, आणि मी खड्ड्याच्या काठावर काळा चिखल होऊन पडलोय. तुमच्याकडे कधी आलो तर गाडू नका, एवढंच. सरळ उन्हात वाळवा, मी निमूट मरेन.

काल वहिनी किल्ली घेऊन पायरीवर बसल्या होत्या. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "भावजी, अजून आहे का हो हे?"

"नाही वहिनी. एवढंच होतं."

मला खरं माहीत होतं. माझ्या मागे, पाणी संपतं तिथपर्यंत, सगळं तपकिरी आहे. पण मी गप्प बसलो. बोललो असतो तर वासच आला असता.