न हलणारी फाइल

हेमाला पहिल्यापासूनच ते पटत नव्हतं. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत एकच कॉम्प्युटर होता आणि तो तिच्या धंद्याचा होता. नौपाड्यातल्या दोन प्रेसचं मराठी टाइपसेटिंग ती घरी बसून करायची. आणि आता तिचा नवरा उत्तम म्हणत होता, की त्याच डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकायची.

"अख्खी डिस्क पुसली गेली तर?"

"नाही गं पुसली जात. पार्टिशन करायचं. अर्धी तुझी, अर्धी माझी. तुझ्या फाइल्स आहेत तिथेच राहणार."

"पण तुला हवंय कशाला ते?"

"शिकायला," असं म्हणून तो पंख्याकडे बघत बसला.

मानपाड्याच्या कारखान्यात मशिनं सांभाळणाऱ्या माणसाला अचानक हे कसलं शिकायचं वेड? शिवाय हल्ली घरात फोन असताना तो कोपऱ्यावरच्या पीसीओवर जायचा. विचारलं तर म्हणायचा, "ऑफिसचं काम होतं." हेमाने बोलणं वाढवलं नाही, पण मनात ठेवलं.

रविवारी दुपारी उत्तमचा मित्र पोपट मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी आणि फ्लॉप्या घेऊन आला. हेमाने आधीच आपलं सगळं काम फ्लॉप्यांवर उतरवून कपाटात कुलूपबंद केलं होतं.

"वहिनी, एवढा अविश्वास?" पोपट हसला.

"तुमच्यावर नाही, भाऊजी," ती म्हणाली. उत्तमने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डिस्कवर विखुरलेल्या फाइल्स आधी एका बाजूला सरकवायच्या, म्हणजे मागचा भाग रिकामा होतो आणि तो कापून वेगळा करता येतो, असं पोपटने तिला समजावलं. पडद्यावर रंगीत चौकोन हळूहळू सरकत राहिले. हेमा खुर्ची ओढून समोरच बसली. शेवटी बहुतेक सगळे चौकोन वर गेले, पण तळाशी थोडे तसेच राहिले.

"हे का हलत नाहीत?"

पोपटने पुन्हा करून बघितलं. "कुठली तरी लपवलेली फाइल दिसतेय. ती हलली नाही तर कापता येणार नाही."

हेमाने उत्तमकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्याकडे डिस्क तपासायची एक फ्लॉपी आहे, घरून आणतो," म्हणत पोपट सायकलवर निघून गेला.

दार लागताच हेमाने विचारलं, "काय लपवलंयस?"

"कुठे काय?"

"उत्तम, मी विचारतेय. काय लपवलंयस?"

तो भिंतीला टेकला. मग खाली बघत म्हणाला, "पोपटने सांगितलं ना तुला? मी त्याला म्हटलेलं, मीच बोलेन."

पोपटने काहीच सांगितलं नव्हतं. पण ती म्हणाली, "तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"बंगलोरच्या एका कंपनीत नोकरी मिळालीय. त्यांच्याकडे सगळं लिनक्सवर चालतं. मी होकार कळवलाय. जूनमध्ये जायचंय."

"मला न विचारता?"

"तू नाहीच म्हणाली असतीस. तुझी प्रेसची कामं, तुझी इथली माणसं..."

"म्हणजे माझ्या वतीनं 'नाही' तूच म्हणून टाकलंस."

कारखाना कधी बंद होईल सांगता येत नाही, असं काहीतरी तो बोलत राहिला. तेही खरंच होतं. पण हेमाला आता त्याचं खरं आणि खोटं वेगळं करता येत नव्हतं.

पोपट परत आला आणि कॉम्प्युटरशी खटपट करून हसला. "काही नाही हो, विंडोजचीच फाइल. मेमरी कमी पडली की वापरते ती. सेटिंगमध्ये बंद केली, गेली बघा."

दोघंही हसले नाहीत, तेव्हा तो गोंधळला. "मग... कापू ना?"

उत्तम म्हणाला, "राहू दे आज."

"नाही, कापा," हेमा म्हणाली. "शिकायचंय ना त्याला, शिकू दे. पण अर्धी नाही. माझ्या कामाला लागते तेवढी सोडून उरेल ती त्याची."

संध्याकाळपर्यंत काम झालं. कॉम्प्युटर सुरू होताना आता कुठली सिस्टिम हवी ते विचारू लागला. हेमाने विंडोज निवडलं आणि आपली एकेक फाइल उघडून बघितली. सगळं जागेवर होतं. तरी पुढचे कितीतरी दिवस ती रोज सकाळी तेच करायची.

जूनमध्ये उत्तम गेला, एकटाच. कल्याणला गाडीत बसवायला हेमा गेली होती. खिडकीतून तो म्हणाला, "दिवाळीनंतर येशील ना तिकडे?"

"बघू," ती म्हणाली. "माझं ठरलं की कळवीन."

दिवाळीनंतर ती गेली, पण परतीचं तिकीट काढूनच.