दोरैचा पिंड

शेषाद्रीराव एकदा नाही म्हणाले की प्रत्यक्ष ब्रह्मदेव उतरून आला तरी त्याला दारात ताटकळत ठेवतील, असा त्यांचा तंजावुरात लौकिक होता. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. काढलेलं उत्तर पुन्हा तपासायची सवय त्यांनी पोरांना लावली, स्वतःला लावायची तेवढी राहून गेली. चंद्रमतीनं या माणसाबरोबर सगळं आयुष्य काढलं होतं आणि बहुतेक गोष्टींत त्यांच्यापुढे हात टेकले होते. एका गोष्टीत मात्र टेकले नव्हते. महालयाच्या अमावास्येला सगळ्या गेलेल्यांची नावं घेऊन पिंड देतात, तेव्हा त्यांनी एकदा तरी श्रीकरचं नाव घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

श्रीकर त्यांचा एकुलता एक. नोकरीसाठी आयर्लंडला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि चार वर्षांपूर्वी ओल्या रस्त्यावर गाडी घसरून गेला. मूलबाळ नव्हतं. व्हिसा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेषाद्रीरावांनी फोनवर एकच सांगितलं होतं, अग्नी द्या. सुनेनं तिच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला आपल्या आजोबांशेजारी पुरलं.

"पुरला मणजे संपलं," शेषाद्रीराव म्हणाले. "मातींतल्याला पिंड नाहीं."

तेव्हापासून दर महालयाला राममूर्ती वाध्यार, म्हणजे घरचे उपाध्याय, वाडवडिलांची नावं घेत घेत मुलाच्या जागेशी आले की थांबायचे आणि यजमानांकडे बघायचे. शेषाद्रीराव दर्भाच्या अंगठीकडे बघत म्हणायचे, "पुढे चला." मागे तांब्या धरून उभ्या असलेल्या चंद्रमतीच्या काळजाचं तेव्हा पाणी पाणी व्हायचं. घरी येऊन ती दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. त्यांना ते कळायचं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करायचे. या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

यंदा अमावास्येच्या दोन दिवस आधी ऊना हॅनिगन आली. श्रीकर राहायचा त्या गावची, शाळेतून निवृत्त झालेली, उन्हानं लालबुंद झालेली बाई. तिच्या पणजोबांचा भाऊ डेनिस विशीत घर सोडून हिंदुस्थानात आला होता आणि त्याचं पुढे काय झालं हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरच्या लोकांनी शोध घेतला, तिनं स्वतः वर्षानुवर्षं घेतला. मग एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना श्रीकर सहज म्हणाला, आमच्या शेतात तुमचा एक माणूस झोपलाय. त्यानं नाव सांगितलं आणि ऊनाच्या हातातली किटली खाली आली.

"तोच मला घेऊन येणार होता," ती म्हणाली.

"अगे, कापी दे तिज," एवढं बोलून शेषाद्रीराव शर्ट चढवायला आत गेले. चंद्रमतीनं कॉफी दिली आणि त्या बाईच्या हातांकडे बघत राहिली. या हातांनी माझ्या पोराला चहा दिला, असं तिच्या मनात येत होतं.

शेत पापनाशमच्या अलीकडे, कालव्याला लागून. दीडशे वर्षांपूर्वी त्या कालव्याच्या कामावर एक गोरा साहेब होता. गोऱ्या साहेबाला इकडे दोरै म्हणतात. तो पटकीनं मेला, तेव्हा त्याला हात लावायला कुणी पुढे येईना. कामावरचा कारकून म्हणजे शेषाद्रीरावांचे खापरपणजोबा. त्यांनी आपल्याच जमिनीत त्याला पुरला, आणि त्या वर्षापासून घराण्याच्या महालयाला शेवटी एक पिंड जास्त ठेवायची रीत पडली. महालय घरी न करता कालव्याच्या काठी करायचा तोही त्याच्यासाठीच. दारातल्या कोलमचा, म्हणजे रांगोळीचा, जसा कुणी विचार करत नाही, तसा दोरैच्या पिंडाचाही या घरात कुणी कधी विचार केला नव्हता. आजा द्यायचा म्हणून बाप द्यायचा, बाप द्यायचा म्हणून शेषाद्रीराव देत आले.

नारळीखाली विटांचा एक बुटका चौथरा होता. ऊना त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग डोळे पुसत तिनं त्या डेनिसच्या आईची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात नोव्हेंबर महिन्यात चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात. डेनिसच्या आईनं त्याचं नाव कधी वाचू दिलं नाही. माझा मुलगा मेल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणायची. ती म्हातारी होऊन गेली, पण नाव वाचू दिलं नाही. पुढच्यांनीही मग तिचा शब्द मोडला नाही.

"आणि तुम्ही इथं दर वर्षी त्याला जेवू घालत होता," ऊना म्हणाली. "पण तुमच्यात तर जाळतात ना? हा मातीत आहे. मग ते त्याला पोचतं?"

शेषाद्रीरावांना कुणी शंका विचारली की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. ते ताठ उभे राहिले आणि आपल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "त्याला माती काय आणि अग्नी काय. नाव घेतलं की पोचतं."

"आमच्याकडेही असंच मानतात," ऊना म्हणाली. "श्रीकरचं नाव आम्ही दर नोव्हेंबरात वाचतो."

कालव्यापलीकडून एक मोपेड फटफटत गेली. चंद्रमतीला इंग्रजी बोलता फारसं येत नसलं तरी कळायचं सगळं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शेषाद्रीराव चौथऱ्याच्या एका निखळलेल्या विटेकडे बघत होते. ती त्यांनी वाकून उचलली, जागेवर बसवायचा प्रयत्न केला, ती बसेना, तरी ते बसवतच राहिले. चंद्रमतीच्या ओठांवर सगळं आलं होतं. परक्या देशातल्या परक्या माणसांनी माझ्या पोराचं नाव घ्यावं आणि बापानं घेऊ नये. पण तिनं ते गिळलं. त्या विटेशी चाललेली त्यांची झटापट बघून तिला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

घरी गाडीतून उतरताना शेषाद्रीराव म्हणाले, "अमावास्येस तिजही घेऊन जाऊं. तिचा माणूस अहे मणून."

अमावास्येला सकाळी कालव्याच्या काठी दर्भ पसरले. भाताचे पिंड वळून केळीच्या पानावर ठेवले. ऊना चपला काढून जरा लांब उभी राहिली. चंद्रमती नेहमीच्या जागी, नवऱ्याच्या मागे, तांब्या धरून. वाध्यारांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी. आणि मग मुलाच्या जागेशी येऊन ते सवयीनं थांबले. तोंडातल्या तोंडात पुढचा मंत्र त्यांनी तयारही ठेवला असावा.

शेषाद्रीरावांची पाठ हलली. मग त्यांनी पानावरचा एक पिंड उचलला आणि म्हणाले, "श्रीकर."

आवाज त्यांचा नव्हता. गोत्र सांगायचं होतं, ते त्यांना आठवेना. जन्मभर रोज संध्येला म्हटलेलं गोत्र आठवेना. वाध्यारांनीच ते हळूच सांगितलं आणि त्यांनी पोरासारखं मागून म्हटलं. पिंड दर्भावर ठेवला, आणि वरून पाणी घ्यायला हात मागे पसरला.

चार वर्षं चंद्रमतीनं याच क्षणाची वाट पाहिली होती. आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण नाव ऐकलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. इतके दिवस तिच्या मनात श्रीकर कुठेतरी लांब होता. बापावर रुसला होता, फोन करत नव्हता, एवढंच. संध्याकाळी फोन वाजला की तिचा जीव अजून धावायचा. आता तो वाडवडिलांच्या रांगेत, आजोबांच्या पाठीमागे जाऊन बसला होता, आणि तिथून कुणी फोन करत नाही.

तिला त्या डेनिसच्या आईची आठवण झाली. दर वर्षी "पुढे चला" म्हणणाऱ्या या माणसाच्या मनात काय होतं, तेही तिला आत्ता कळलं. मातीचं नुसतं निमित्त होतं. तिलाही या क्षणी अगदी तेच म्हणावंसं वाटत होतं. नको, पुढे चला.

वाध्यार थांबले होते. शेषाद्रीरावांचा रिकामा हात तसाच मागे पसरलेला होता. पाणी तिच्याजवळ होतं. तिनं तांब्या उराशी घट्ट धरला, आणि बराच वेळ काही तो कलता केला नाही.