प्रकाशाचा रेटा छातीवर घेणारा आरसा

मी आरसा आहे. पण माझ्यापुढं उभं राहून कुणी भांग पाडायचा नाही. तसली कामं कटिंगच्या दुकानातल्या आरशांची. मी सदऱ्याच्या बटनाएवढा. माझं काम एकच, प्रकाशाचा रेटा छातीवर घ्यायचा.

हसलात? हसा.

कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या निशिगंधानं मला केसाहून बारीक काचेच्या धाग्याला टांगलं. समोर दुसरा आरसा, पक्का बसवलेला, ढिम्म. भोवती पोलादी डबा. त्यातली हवासुद्धा काढून घेतात. मग लेसरचा प्रकाश आम्हा दोघांच्या मधे हजारो वेळा आपटतो. दर वेळी मला किंचित ढकलतो. ते किंचित जगाला दाखवायचं, म्हणून ती पोरगी जिवाचं रान करत होती.

खंडेनवमीला डबा उघडा होता. तिथले शिपाई आकाराममामा हत्यारांची पूजा करत आले. पंप, पाने, पक्कड, सगळ्यांना कुंकू लावलं नि माझ्यावरही वरून चिमूटभर सोडलं.

दसऱ्यानंतर डबा बंद करून प्रकाश सोडला. मी हाललो.

"हाललं की गं!" तिचे उदयसिंह सर ओरडले. "पेढं आणा!"

निशिगंधा संगणकाच्या पडद्यावरची नजर काढेना. "न्हाय सर. प्रकाश ढकलतो ते तवाच्या तवा. ह्यो रेंगाळून हालतोय. कुठंतरी तापलाय."

"मग काढ त्याला. दुसरा टांग."

दुसरा! माझ्या जागी!

तिनं डबा उघडला. माझ्या छातीवर लाल ठिपका. तोच प्रकाश पिऊन तापत होता नि मला हालवत होता.

मामांचं तोंड उतरलं. "समद्यास्नी लावलं, म्याडम. ह्यो एकटाच बोडका कसा ठेवू?"

"मामा, ह्याला नटवायचं न्हाय. राबवायचं हाय."

तिनं माझ्यावर चिकट औषध लावलं, वाळू दिलं नि श्वास रोखून पापुद्रा ओढला. धागा तुटता तर मी फुटलो असतो नि तिची मेहनतही मातीत गेली असती. तुटला नाही. कुंकू निघालं.

पुन्हा प्रकाश आला. तवाच्या तवा धक्का! मी सरकलो, तसं आम्हा दोघा आरशांमधलं अंतर बदललं नि मधे साठलेला प्रकाश ओसरला. धाग्यानं मला मागं ओढलं, तो पुन्हा चढला. तालमीतली झोंबीच की! ज्याला हात नाहीत, वजन नाही, त्यानं मला रेटलं, नि मी मैदान सोडलं नाही.

"ह्यो खरा!" निशिगंधा म्हणाली नि वही ओढून आकडे उतरवू लागली.

आता तेच सर पावण्यांना मला 'आमचा आरसा' म्हणून दाखवतात. यंदा खंडेनवमीला मामांनी डब्याच्या बंद झाकणावर कुंकू लावून हात जोडले. पोचलं, मामा. दरसाल बाहेरूनच लावा. नि कुणी मला बदलायचं म्हणालं, तर मात्र झाकणावर बसून राहा.