तेल न घातलेला माग

हे मी लिहून ठेवणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं. कारण यात माझी स्वतःची एक चूक हाय, आणि ती पोरांपुढं सांगायची म्हणजे लाज वाटते. पण परवाच्या अमावास्येला एका दोस्तानं माझ्याकडं एक वचन मागितलं. मग म्हटलं, सांगूनच टाकावं.

मित्रांनो, मी एक जुना हातमाग हाय. जुना म्हणजे लोक म्हणतात म्हणून. माझा जन्म अठ्ठावन्न सालचा. खानापूरच्या सागवानाचा मी. भावकू सुतारानं मला घडवला आणि बेळगावच्या शहापुरात, मारुतीरावांच्या घरात उभा केला. मारुतीराव म्हणजे गल्लीतले नावाजलेले विणकर. त्यांचा हात फिरला की कसलाही माग सुतासारखा सरळ व्हायचा. आडवं सूत नेणारा माझा धोटा नुसतं बोट लावलं तरी पळायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, "मारुतीरावांचा माग म्हणजे लोणी हो, लोणी!"

मला लई घमेंड होती त्याची. हलकं चालणं हाच माझा मोठेपणा, असं मी धरून बसलोतो.

मारुतीरावांचा धाकटा भाऊ रवळू. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा तो माझ्यावर बसला, आणि बारा वर्षं उठला न्हाय. उजव्या हातानं दोरीची मूठ ओढायची, धोटा पळवायचा. डाव्या हातानं फणी ठोकून सूत घट्ट बसवायचं. पायानं पावड्या दाबायच्या. त्याची शीळ आणि माझी खटखट, दोन्ही एका तालात चालायच्या. माझा दोस्त तो.

मग विजेचे माग आले.

रवळू कारखान्यात गेला. मला खोलून माळ्यावर टाकलं. तिथं काय काय बघितलं, विचारू नका! माझ्या तुळईवर रवळूच्या आईनं, तानीबाईनं, मिरच्या वाळत घातल्या. आणि एका सकाळी माझ्या दोन पावड्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. माझ्या डोळ्यांदेखत! त्यांच्यावर पाणी तापलं आणि लोकांनी अंघोळी केल्या.

पण खरा धक्का पुढंच होता. चौऱ्याहत्तर साली कारखान्यात मागाच्या पट्ट्यात रवळूचा उजवा हात गेला.

दवाखान्यात शिवून हात वाचवला. जखम भरली. रवळू घरी आला तेव्हा मी माळ्यावरनं बघितलं. हात होता, पण हातासारखा नव्हता. बोटं सरळ ताठ, फळीला खिळे मारल्यागत. मूठ मिटत न्हाय, वाटी धरवत न्हाय. तानीबाई घास भरवायची. मारुतीराव अंघोळ घालायचे. शेजारची येऊन म्हणायची, "असू दे रं, गेला हात तर गेला. जीव वाचला न्हवं?" रवळू भिंतीकडं तोंड करून बसायचा. शीळ बंद.

अशात एक दिवस दवाखान्यातनं एक तरणी बाई आली. पांढरा कोट, खांद्याला शबनम, पायात साध्या चपला. नाव मनुबाई कांबळे. निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि ही लेक मुंबईला शिकून आलेली.

तानीबाईनं दारातच अडवलं. "नर्स काय गं तू?"

"न्हाय मावशी."

"मग डॉक्टरीण?"

"ते बी न्हाय."

"गोळी देणार न्हाईस, सुई टोचणार न्हाईस, मग आलीस कशाला?"

"रवळू दिवसभर काय करतो ते बघायला."

"तो काय करणार! मी हाय की सगळं करायला."

"तेच बघायचं हाय," मनुबाई म्हणाली आणि खाली बसली.

दवाखान्यातलं माणूस घरी येऊन तांब्या कुठं ठेवता, उंबरा किती उंच, जेवायला कुठं बसता असं विचारतंय! मी तर ऐकतच राहिलो. मग ती रवळूकडं वळली. "तुला काय करायचं हाय रे?"

इतक्या दिवसांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. रवळूनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडं वळवलं. मी मनात म्हणतोय, सांग की, माग चालवायचा हाय म्हणून! माझं नाव घे!

"भाकरी मोडायची हाय," रवळू म्हणाला. "माझी मी. दोन्ही हातांनी."

मला केवढं लागलं! बारा वर्षांची दोस्ती, आणि याला भाकरी आठवली?

मनुबाईनं मात्र वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग सांगितलं, माणसाचं जे काम अडलंय, त्याकडंच त्याला न्यायचं, आणि कामालाच औषध करायचं. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार.

"नाव एवढं लांबलचक," मारुतीराव म्हणाले, "आणि बाई एवढीशी."

ती हसली, आणि तिची नजर वर गेली. "अण्णा, माळ्यावर ती लाकडं कसली हो?"

आठ दिवसांत मी दवाखान्यात! मारुतीरावांनी नव्या पावड्या करून दिल्या आणि मला जोडून दिलं. ती खोली बघून मी चक्रावलो. खाट न्हाय, बाटली न्हाय. एका कोपऱ्यात चूल आणि पोळपाट. भिंतीवर एक फळी, तिला दाराच्या कड्या, कुलपं, नळाची तोटी. दुसऱ्या फळीवर नुसत्या गुंड्या आणि काजं. निपाणीच्या सोनुबाई, अंगावरनं वारं गेलेल्या, अर्धा तास एकच गुंडी लावत होत्या आणि मनुबाई शेजारी हात बांधून उभी. मदत करत न्हाय! मी म्हटलं, ही बाई हाय का दगड?

मग ती माझ्याकडं वळली, आणि मित्रांनो, तिनं मला बिघडवायला घेतलं.

व्हय, बिघडवायलाच! फणीला वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या. दोरी उंच चढवली. मुठीला चिंध्यांचे वेढे घालून ती नारळाएवढी जाड केली. तेल तर बंदच. मी लोण्यासारखा माग, बैलगाडीगत कुरकुरायला लागलो. मला रडू आलं.

रवळू माझ्यासमोर बसला. जाड मुठीभोवती बोटं जेमतेम वाकली. ओढलं. धोटा अर्ध्यात अडकला. पुन्हा ओढलं. घाम फुटला. पहिल्या आठवड्यात जे कापड निघालं ते काय सांगू! एका कडेला फुगलेलं, दुसऱ्या कडेला आवळलेलं. रवळू स्वतःच म्हणाला, "बाई, ह्यानं शहापुरात कुणी पाय बी पुसणार न्हाय."

"मला कापड कुठं पायजे?" मनुबाई म्हणाली. "मला तुझी बोटं पायजेत."

दर आठवड्याला ती मुठीवरचा एक वेढा काढायची. मूठ बारीक झाली की बोटांना जास्त वाकावं लागायचं. मग पट्टी घेऊन मोजायची, वाकवलेली बोटं तळहातापासून किती लांब. सुरुवातीला सात सेंटिमीटर. पाच आठवड्यांनी तीन. ती म्हणाली, "शिवलेल्या हाताला मऊ ठेवायला थोडेच महिने मिळतात. त्यात जे वाकेल ते वाकेल. पुढं हात आखडला की आखडला." रवळूनं मान हलवली. त्या दिवशी तो एक कडवं शीळ वाजवून गेला. हात गेल्यापासनं पहिल्यांदा.

आणि आता माझी चूक.

मनुबाईची आई आजारी पडली. ती आठ दिवस निपाणीला गेली. "रवळू, रोज सकाळी एक तास. बाकी काय बदलू नको," एवढंच सांगून गेली. दुसऱ्याच दिवशी अमावास्या. आमच्या शहापुरात अमावास्येला माग बंद असतो. त्या दिवशी मागाची धूळ झाडायची, तेल घालायचं, कुंकू लावायचं. मारुतीराव भावाला डबा घेऊन आले, आणि मला बघून जागीच थांबले.

"अरं रं रं! ही काय दशा केलीया मागाची?"

"अण्णा, हात लावू नको. बाईनं सांगितलंय."

"बाई मुंबईची पदवी घेऊन आली असंल. माग तिला काय कळतो? आणि तू विणकराचा पोर, असल्या कुरकुऱ्यावर बसतोस? लाज न्हाय वाटत?"

पिशव्या सोडल्या. दोरी उतरवली. सांध्यासांध्यात तेल घातलं. आणि मायेपोटी आणखी एक केलं. मुठीला चामड्याचा फास बांधला. "बोटं वळत न्हाईत न्हवं? मग मनगट अडकव आणि ओढ. बोटांना कशाला तरास?"

धोटा पळाला! सरसरसर! आठ दिवसांत दीड वार कापड, एकसारखं, गुळगुळीत. सगळा वॉर्ड बघायला आला. तानीबाईनं तर माझी दृष्ट काढली. रवळू हसत होता, आणि मी? मित्रांनो, मी खूश होतो. मला ठाऊक होतं. दोरी माझीच, मूठ माझीच. त्या मुठीवर आठ दिवसांत एक बोट टेकलं न्हाय, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? तरी मी एकदा कुरकुरलो न्हाय. लोण्यासारखं चालायला मिळालं म्हणून गप बसलो.

मनुबाई परत आली. कापडाकडं बघितलं. फासाकडं बघितलं. पट्टी घेतली.

"सहा," ती म्हणाली.

तीनवर आलेला हात सहावर गेला होता. पाच आठवड्यांची मेहनत आठ दिवसांत गेली. रवळूनं हात उलटा सुलटा करून बघितला, जणू दुसऱ्याचाच. "पण कापड तर बरं निघालं की हो," तो म्हणाला.

मला वाटलं, आता माझी रवानगी चुलीत. आणि तीच माझी लायकी.

मारुतीराव कोपऱ्यात. तोंडाचं पाणी पळालेलं. "बाई, मी... मी बरं करायला गेलतो हो."

मनुबाई रागावेल असं सगळ्यांना वाटलं. ती त्यांच्यासमोर खाली बसली. "अण्णा, निम्मी चूक माझी. बदलू नको म्हटलं, का बदलू नको ते सांगितलं न्हाय. माग तुम्ही बरा केलासा. पण आपल्याला माग बरा करायचा न्हाय. तो हलका झाला की हाताला काम उरत न्हाय."

"मग आता?"

"थोडेच आठवडे उरलेत. मला रोज थोडा थोडा, मापानं बिघडणारा माग पायजे. मला ते तितकं बारीक जमत न्हाय. तुमच्यासारखा जाणता माणूस मला दुसरा कुठं गावणार?"

मारुतीराव डोळे पुसत म्हणाले, "आयुष्यभर माग हलका केला. आता म्हातारपणी बिघडवायला शिकू म्हणता?"

"व्हय. शिका की."

आणि शिकले ते! रोज सकाळी यायचे. आज वाळूची एक मूठ जास्त, उद्या दोरी एक बोट वर. माझे सांधे राखेनं घासून तेल काढलं. गल्लीत लोक चिडवायचे, "काय मारुतीराव, माग सुधारला का?" ते म्हणायचे, "न्हाय रे, अजून नीट बिघडला न्हाय." मी बी कुरकुरत राहिलो, पण आता मनापासनं. रवळू ओढायचा, दात आवळायचा, शिव्या द्यायचा. मला, भावाला, बाईला. पाच. चार. साडेतीन. तिथं दोन आठवडे अडकला. मग तीन. मग दोन.

श्रावणात एका दुपारी मनुबाईनं तानीबाईला बोलावलं. त्याच खोलीतल्या चुलीवर ज्वारीची भाकरी करायला लावली. ताटात अख्खी भाकरी, शेजारी झुणका. रवळू मांडी घालून बसला. डाव्या हातानं भाकरी धरली. उजव्याची बोटं कडेला लावली. करंगळी वाकडीच होती, ती आजही वाकडी हाय. भाकरी निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली.

तानीबाईचे हात आपोआप पुढं आले. मनुबाईनं नुसतं बघितलं. मग त्या माउलीनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली. ओठ चावून बसली.

कट्ट.

केवढा बारीक आवाज! माझ्या सगळ्या आयुष्यातल्या खटखटीपेक्षा मोठा ऐकू आला मला. भाकरीचा तुकडा रवळूच्या उजव्या हातात होता. त्यानं झुणका लावला आणि तो घास स्वतः खाल्ला न्हाय, आईच्या तोंडात घातला. मारुतीराव खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मला तेव्हा कळलं, त्यानं त्या दिवशी माझं नाव का घेतलं न्हाय ते. आणि राग कुठल्या कुठं गेला.

मित्रांनो, याला आता दहा वर्षं झाली. तुमच्यात कुणी असा असंल, ज्याला शरीर कसं चालतं ते शिकायला आवडतं, आणि हातोडी, सुई, रंधाही आवडतो, त्यानं ह्या कामाचा विचार करावा. सायन्स घ्यावं लागतं. हाडं, नसा, मन, सगळं शिकतात, आणि त्याच कॉलेजात सुतारकाम, विणकाम बी शिकतात. पण मनुबाई म्हणते, सगळ्यात अवघड शिक्षण म्हणजे हात बांधून उभं राहणं. आणि ज्यांना हे शिकायचं न्हाय, त्यांनी एवढं तरी करा. घरात कुणी दुखणेकरी असंल तर माया करा, पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याला विचारा, तुला काय करायचं हाय रे?

रवळू आता ह्याच खोलीत नवीन येणाऱ्यांना माग शिकवतो. दर अमावास्येला माझी धूळ झाडतो, कुंकू लावतो. तेलाची बाटली आणत न्हाय. परवाच्या अमावास्येला एक नवीन माणूस यायचा होता, ताठ बोटांचा. रवळूनं त्या वाकड्या करंगळीच्या हातानं माझ्या फणीवर थाप मारली. "दोस्ता, ह्यो लई रडंल बघ. तुला दया येईल. पण तू हलका होऊ नको. वचन दे."

दिलं रवळू. कोण कितीही रडू दे, कोण कितीही मायेनं तेल घेऊन येऊ दे. त्याची भाकरी मोडेपर्यंत मी जड राहीन.