बिनभोकाचा कोबी

कोबीच्या पानाला भोक दिसलं नाही की लोकांना आनंद होतो. मला धडकी भरते.

त्या शरदात भोपळे वेलीवर केशरी होऊन पडले होते, कांद्याच्या माळा पडवीत लटकत होत्या, बीट मातीतून डोकं वर काढून बसलं होतं. आणि त्या सगळ्यात आमचा कोबी. घट्ट, गुळगुळीत, लग्नाला निघाल्यासारखा. मी वाफ्यांच्या कडेने दोनदा फिरले. एकाही पानाला भोक नाही.

"काय देखणा आलाय गं!" वहिनी म्हणाली.

"अळीला दिसला नाही का मग?" मी म्हटलं.

घरात मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापडे. पातेल्यातलं दूध अर्धा इंच खाली गेलं तर मला कळतं, आणि कुणी प्यायलं तेही कळतं. पण या खेपेला माझा संशय नुसता स्वभावाचा नव्हता. आमचं शेत वाटेकऱ्यांवर चालतं. आसपासची कुटुंबं वर्षाच्या सुरुवातीलाच पैसे भरून आपला वाटा बांधून घेतात, आणि मग दर आठवड्याला जे पिकेल ते, जसं पिकेल तसं, आमच्या टेबलावरून घरी नेतात. अट एकच, औषध मारायचं नाही. शेत दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. टेबल माझं. "ताई, काही मारलेलं नाही ना?" असं कुणी विचारलं की उत्तर माझ्या तोंडून जातं. दादा मागे पेट्या उचलत असतो.

मागच्या शरदात कोबीची पार चाळण झाली होती. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आमचे जुने वाटेकरी. ते डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्याच्या कोबीतली अळी दाखवत सुटले. गंमत म्हणूनच, पण लोकांनी नाकं मुरडली, आणि वर्ष सरल्यावर बरेच वाटेकरी फिरकलेच नाहीत. तेव्हापासून दादाचं हसणं आटलं. असा अजून एक शरद गेला तर शेत सोडून कुणाच्या तरी गोदामात जावं लागेल, असं तो एकदाच म्हणाला, तेही ताटाकडे बघत.

आणि यंदा हा असा कोबी.

"हवा कोरडी होती," दादा म्हणाला.

"कोबीपुरतीच? बांधावरची रानमोहरी अळ्यांनी वळवळतेय."

"बरंय की. जेवू दे त्यांना तिकडेच."

एवढं बोलून तो कुदळ घेऊन चालता झाला. एरवी माझ्याशी वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी शेडमध्ये गेले. फवारणीचा पंप खुंटीला होता. आम्ही त्यातून लसणाचं पाणी मारतो, त्यामुळे तो बारा महिने वास मारतो आणि कुणी त्याच्या वाटेला जात नाही. मी झाकण उघडून नाक आत घातलं. साबणाचा वास आला. ज्या घरात चहाचा कप घासायला माणूस सापडत नाही, तिथे पंप कुणी घासला?

"नळी तुंबली होती," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मग कोबीच्या वाफ्यांत मला बंदी झाली. मला सातवा महिना होता. "तू वाकू नकोस," तो म्हणायचा. "कोबीचं मी बघतो." पण बीट उपटायला मी वाकत होते, तेव्हा कुणी हां की हूं केलं नाही! वहिनीला खोदून पाहिलं, तर ती खरंच भोळी. तिला नुसता आनंद होता की पुढच्या वर्षी लोक परत येतील. मी रात्रंदिवस धुमसत होते. भावावर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच हाताचा वास घेऊन बघण्यासारखं आहे. लाज वाटते, आणि घेतल्याशिवाय राहवतही नाही.

शेवटी मी पुरावाच जमवायचा ठरवला. बांधावरच्या रानमोहरीवरून मूठभर हिरव्या अळ्या वेचल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या, वर फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. हिशेब सोपा होता. त्यांना आमच्या कोबीचं पान द्यायचं. जगल्या तर दादा खरा. मेल्या तर मी खरी.

दादाने बरणी पाहिली. फडकं जरा वर करून आत डोकावला.

"हे काय, पाहुणे?"

"हो. जेवायला बोलावलंय."

मला वाटलं, चिडेल. तो उलट हसला, कित्येक महिन्यांनी. "तू वाकू नकोस. पानं मी आणून देतो." आणि खरंच, रोज सकाळी चहाच्या आधी ताजं पान खिडकीत हजर. "घ्या, तुमच्या लेकरांना," म्हणायचा. अळ्या जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, माजल्या. पानांची जाळी करून टाकायच्या आणि वर तोंड करून अजून मागायच्या. माझा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात मी दादाची माफी मागितली, उघड मागायचं मात्र बाळंतपणानंतर ठेवलं. फौजदाराने लगेच हार मानली तर घरात किंमत राहत नाही.

मग काढणीचा दिवस आला. त्या दिवशी सगळे वाटेकरी एकदम येतात. अंगणात भोपळ्यांचा ढीग, टेबलावर गाजरं, बीट, कांदे, आणि पुढे कोबीच्या पेट्या. आमची एक जुनी पद्धत आहे. वाटप सुरू होण्याआधी वाटेकऱ्यांपैकी कुणीतरी बोट दाखवायचं, त्या कोबीचं पान दादाने सगळ्यांसमोर तोडायचं, न धुता अर्धं आपण खायचं आणि अर्धं मला द्यायचं. मग मी म्हणते, "चला, या." तेवढंच आमचं प्रमाणपत्र.

घड्याळवाले आजोबा भिंग घेऊनच आले होते. पेटीतला एक कोबी त्यांनी उलटासुलटा करून तपासला.

"एक अळी नाही! मागच्या वर्षी माझी केवढी करमणूक झाली होती. हाच घ्या."

लोक हसले. दादाने पान तोडलं. मधोमध फाडलं. अर्धं तोंडात घातलं आणि चावलं, नीट, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. मी हात पुढे केला. दुसरा हात सवयीने पोटावर होता.

दादाने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पोटाकडे. आणि उरलेलं अर्धं पानही त्याने आपल्याच तोंडात कोंबलं.

अंगणात हशा पिकला. "अरे, बहिणीचा वाटा पण खाल्ला!" कुणीतरी ओरडलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. दादाचे दोन्ही गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो चावतच होता.

माझा हात तसाच पुढे राहिला. मला खिडकीतली बरणी आठवली. रोज सकाळी येणारी पानं आठवली. ती कुठल्या वाफ्यातली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं! घरामागे वहिनीने भाजीसाठी लावलेले चार कोबी होते, भोकाभोकाचे. दुधाच्या पातेल्यावर पहारा देणारी मी, आणि पान हातात आयतं आलं म्हणून खूश झाले.

"चला ताई, म्हणा 'या'," आजोबा म्हणाले. "काही मारलेलं नाही ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर शेत वाचलं असतं. दादाही बघत होता, चावायचा थांबून. मला त्याचा इतका राग आला होता की कानशिलं तापली होती. आणि त्याची इतकी कीव येत होती की तिथेच बसून रडावंसं वाटत होतं.

"आज कोबी मिळणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"मी शब्द देऊ शकत नाही."

हसणं थांबलं. मी वाकून पहिली पेटी उचलायला गेले. दादा धावत आला आणि त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. पेटी छातीशी धरून तो लोकांकडे वळला. तोंडातलं कसंबसं गिळलं.

"फवारलंय मी," तो म्हणाला. "हिला माहीत नव्हतं."

 आजोबांनी भिंग खिशात टाकलं. एक बाई आपली रिकामी पिशवी घडी घालून निघून गेली, तिच्यामागे आणखी दोघं. बाकीचे तिथेच उभे होते, जावं की थांबावं ते न कळून. दादा पेटी धरून तसाच, आणि त्याच्या हनुवटीला कोबीचा हिरवा तुकडा चिकटलेला.

मी टेबलाखालची पाण्याची बाटली काढून त्याच्या समोर धरली.

"चूळ भर," मी म्हटलं. "आधी चूळ भर, मग भांडू."