एकाच मापाच्या पट्ट्या

स्टेशनाच्या छपराची काच बसवली ती काचवाल्याच्या आजोबांनी. त्याआधी तिथं तळं होतं. तळं बुजवलं, वर स्टेशन उभं राहिलं, मग समोर लॉज आले, चष्म्याची दुकानं आली, न्हाव्यांच्या खुर्च्या आल्या, आणि तळ्याची आठवण सांगणारी माणसं एकेक करून गेली. आजोबा मात्र मरेपर्यंत म्हणायचे, "वर काय हवं ते बांधा, पण खाली हात लावू नका रे बाबांनो."

आता खालीच हात घातला होता. स्टेशनाखालून नवी लाइन खोदत होते. खोदकामावरच्या साहेबांनी स्टेशनासमोरच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात भिंतीच्या भेगेवर बोटभर रुंद काचपट्टी आडवी चिकटवली आणि बजावलं, "पट्टी तडकली तर घर हललं समजा. लगेच कळवा. काम थांबवू, तुम्हाला दुसरीकडे हलवू."

दुसरीकडे! तीन पिढ्यांचं बस्तान सोडून? एवढी अक्कल कुणी गहाण ठेवली होती?

आधी चष्मेवाला काचवाल्याच्या दुकानात आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "एवढी एक पट्टी काप. पोरांनी चेंडू मारला. कुणाला बोलू नकोस हं." दोन दिवसांनी लॉजवाल्या बाई. "झाडू लागला हो, तुमच्यातच ठेवा." न्हाव्याने तर कारणही दिलं नाही, नुसते तुकडे पुढे केले. प्रत्येकाला वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. काचवाल्याने प्रत्येकाला शब्द दिला, आणि पंधरा दिवसांत एकाच मापाच्या अकरा पट्ट्या कापल्या. गल्लीत घरं होती चौदा.

बारावी त्याने स्वतःसाठी कापली. माडीवर लेक आणि तिची वीस दिवसांची तान्ही झोपायची, तिथलीच पट्टी सकाळी दुभंगली होती. बायको म्हणाली, "सगळ्यांच्या शाबूत आहेत म्हणे. आपणच कशाला बोंब मारायची?" खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

मंगळवारी दुपारी साहेब सगळी घरं बघून खुशीत दुकानात आले. "काका, कमाल आहे तुमच्या गल्लीची! चौदाच्या चौदा पट्ट्या धडधाकट. खोदायचं मोठं मशीन तेवढ्यासाठी अडलं होतं. आत्ताच सुरू करायला सांगितलं."

मांडणीतल्या काचा बारीक किणकिणायला लागल्या. गेला शब्द खड्ड्यात, काचवाल्याने साहेबांचा हातच धरला. "थांबवा, साहेब! चौदातल्या बारा पट्ट्या तडकल्या होत्या. मीच नव्या कापून दिल्या. माझ्या घरातलीसुद्धा!"

साहेबांचा चेहरा उतरला. ते फोन कानाला लावून बाहेर पळाले. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून लेकीची हाक आली.

"बाबा, जरा वर या ना. मी दोन मिनिटं बाहेर आले, तर दार चौकटीत घट्ट बसलंय. किती ढकललं तरी उघडत नाही. बाळ आत आहे."