चौदा दिवसांचं पाणी

"काकाजी, टाका ना पाय आता. काकी कवाच्या बसल्या," गुडघाभर पाण्यात डोंगा धरून उभा असलेला इश्वर म्हणाला.

यादोराव चपला हातात घेऊन तलावाच्या काठावर उभे होते. रत्नाबाई डोंग्याच्या मधोमध मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. मोहाडीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीची जागा मिळावी, तशा खुशीत होत्या. पर्समधून त्यांनी फुटाण्याची पुडीसुद्धा काढली होती.

"थांब ना बापा. डोंगा बराबर हाये का नाही ते तं पाहू दे," यादोराव म्हणाले आणि त्यांनी डोंग्याच्या लाकडावर बोट आपटून कान लावला.

"माया बापाच्या वेळचा हाये तो. आजवर कोणाले बुडवला नाही," इश्वर म्हणाला. तो या तलावात मासेमारी करायचा आणि सकाळी जाळं टाकून झाल्यावर केवळ काकाजींच्या शब्दाखातर थांबला होता.

डोंग्यात बसून बघायची ही ट्रायल यादोरावांच्याच डोक्यातून निघाली होती. त्यांची मुलगी रक्षा फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात नर्स होती. हिवाळाभर तिकडच्या बेटांभोवती फिरणारी मोठी जहाजं एप्रिल लागला की युरोपात परततात, तसल्या एका जहाजाची तिकिटं तिनं काढली होती. आईबाबांनी मार्चअखेर तिच्याकडे यायचं आणि तिघांनी मायामीहून बार्सिलोनाला समुद्रातून जायचं. चौदा दिवस लागणार होते. त्यातले आठ दिवस तर मध्ये टेकायला एक बंदरसुद्धा नव्हतं. व्हिसे हातात आले होते, मोहाडीत पेढेही वाटून झाले होते.

बोलता बोलता रक्षा फोनवर म्हणाली होती, की काही लोकांना जहाजात पहिले दोन दिवस उलट्या होतात. यादोरावांनी ते वाक्य पकडून ठेवलं. कोणतंही मशीन ट्रायल घेतल्याशिवाय चालू करायचं नसतं, असं त्यांनी घरात जाहीर केलं. मनातला हिशेब मात्र वेगळा होता. रत्नाबाईंना नागपूरपर्यंतच्या बसमध्येसुद्धा लिंबू हुंगत जावं लागायचं. डोंग्यात पाच मिनिटांत त्या आडव्या होतील, मग रक्षाला कळवायचं, बेटा, तुझ्या आईला झेपत नाही. सापही मेला असता आणि काठीही मोडली नसती.

झालं ते उलटंच. इश्वरनं बांबू रेटून डोंगा आत नेला. रत्नाबाई फुटाणे खात पाण्यात बोटं बुडवून बसल्या. चाळीस-पन्नास हात आत गेल्यावर डोंगा जरासा कलला आणि यादोरावांना डोंग्याची कड आणि पाणी यांच्यात फक्त वीतभर अंतर दिसलं. त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. दोन्ही हातांनी त्यांनी डोंग्याच्या कडा अशा धरल्या की बोटं पांढरी पडली.

"वापस घे," ते म्हणाले.

"काकाजी, इथं म्हशी उभ्या रायतेत."

"वापस घे म्हणतो ना."

रत्नाबाईंनी तोंडात टाकलेला फुटाणा चावायचा थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं असं नुसतं पाहणं यादोरावांना लग्नापासून महागात पडत आलं होतं.

"ऊन लागलं," काठावर उतरल्यावर यादोराव म्हणाले. तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते.

आता हे यादोराव कोण, तर चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत चौतीस वर्षं जमिनीखाली पंप चालवलेला माणूस. मोहाडीत घर बांधून राहायला येऊन त्यांना सहा वर्षं झाली, तरी लोक त्यांची ओळख अजून तशीच करून देत. पोरं विचारत, काकाजी, खाली भेव नाही वाटलं? यादोराव हसून म्हणत, भेव कशाचं. आणि ते ऐकून पोरांना बरं वाटे, यादोरावांनाही बरं वाटे.

खरी गोष्ट अशी, की खाणीत दगडातून पाणी झिरपतच असतं. ते रात्रंदिवस उपसत राहावं लागतं, आणि उपसणारा माणूस पंपाशेजारी बसून त्याचा आवाज ऐकत असतो. यादोराव नव्या लोकांना सांगायचे, "पंप बोलते तवरक पाणी गप रायते." एका श्रावणात दुपारी वर वीज पडली आणि पंप गप्प झाला. चाळीस मिनिटं. टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. ते आवाज न करता वर येत होतं. वीज आली, पंप चालू झाला, शिफ्ट संपल्यावर यादोराव वर आले आणि त्यांनी कॅन्टीनमध्ये चहा घेतला. कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं ते रोज त्याच पंपाशी जाऊन बसले. गुडघ्याला पाणी लागल्याचं मात्र त्यांच्या गुडघ्याच्या अजून लक्षात होतं.

त्या दिवशी संध्याकाळी रक्षाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तिची सकाळ होती, ड्युटीवर निघायच्या घाईत ती केस बांधत होती.

"आई, एका दिवशी सगळे नटूनथटून जेवाले जातेत. तू निळा शालू घेजो," ती म्हणाली.

"घेतला. जवसाची चटणीबी घेतली. अन् बूट घेतले भंडाऱ्याहून, पांढरे," रत्नाबाई म्हणाल्या. "घरात घालून फिरून राहिली मी. सवय पायजे ना."

यादोराव मागून मोबाइलच्या चौकटीत शिरले. "रक्षा, त्या जहाजात पाणी उपसाचे पंप किती हायेत?"

"बाबा, मी नर्स आहो. मले काय माहीत?"

"इचार ना कोणाले तरी. अन् लाइट गेली तं दुसरी लाइन हाये का?"

"सगळं असते बाबा. पहिल्याच दिवशी सगळ्यांले लाइफ जॅकेट कसं घालाचं ते दाखवतेत."

म्हणजे जहाजवाल्यांनाही खात्री नाही, यादोरावांच्या मनात आलं. "अन् तिथं पाणी खोल किती?" त्यांनी विचारलं.

"मधात ना? चार-पाच किलोमीटर असन," रक्षा केसांना पिन लावत म्हणाली.

यादोराव मोबाइलसमोरून बाजूला झाले. जगातले सगळे पंप त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिले, एकही पुरला नाही.

प्रवासाच्या विम्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. यादोरावांनी त्यावर शेवटची आशा ठेवली. रक्तदाब वाढावा म्हणून सकाळी मुद्दाम मिठाची मिरची खाऊन ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, छाती तपासली आणि म्हणाले, "एकशे अठ्ठावीस, ऐंशी. काकाजी, माझ्यापेक्षा चांगलं हाये तुमचं." शिक्क्याचा कागद घेऊन यादोराव घरी निघाले, तेव्हा त्यांना आपल्याच तब्येतीचा राग आला होता.

घरी रत्नाबाई ओसरीत बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. यादोरावांनी कागद कोनाड्यात ठेवला आणि पाठमोरे राहूनच ते म्हणाले, "तू जाय. मी नाही येत."

"काहून?"

"उन्हाळी धान हाये. पाणी कोण देईन?"

"वावर तं बटईनं देलं हाये. तुमी कोन्त्या साली बांधीत पाय ठेवला जी?"

"घर हाये."

"घर कुठं पळून जाते?"

यादोरावांनी कोनाड्यातला कागद उगाच सरळ केला. रत्नाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "भेव लागते म्हणा ना सरळ."

"भेव? मले? चौतीस वर्षं—"

"चौतीस वर्षं तुमी खाली होते. मी वर होती," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी ड्युटीवर गेल्यावर मी घर झाडत नव्हती. माणूस बाहेर पडला का त्याच्या मागं लगेच झाडू माराचा नाही, माया मायनं सांगतलं होतं. मी तुमी वर येतपर्यंत नाही मारला. भोंगा झाला, लोक घराकडे निंगाले, का मंग झाडू हातात घेत होती."

यादोराव वळले. चिखल्याच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर त्यांच्यापुढे आलं. दिवसाची शिफ्ट असो की दुपारची, दारात पाऊल टाकावं आणि धूळ उडत असावी. "हा काय झाडाचा टाइम हाये का?" ते रोज खेकसायचे. नातेवाइकांत तर त्यांनी त्याची गंमत करून ठेवली होती. आमच्या घरचा झाडू भोंगा ऐकूनच उठते, असं ते सांगायचे आणि बैठकच्या बैठक हसायची. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या रत्नाबाईही हसायच्या. कॉलनीतल्या बायका त्यांना गबाळी म्हणत, तेही यादोरावांच्या कानावर होतं.

"तू सांगतलं काहून नाही?"

"तुमी विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देत होते. तुमाले काय सांगू? मलेबी माहीत होतं ना जी, झाडूनं काई होत नाही म्हणून. पण दुसरं माया हाती काय होतं?"

यादोराव खाली बसले. त्यांना बायकोची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती, आणि ती इतकी वाटत होती की मान वर होईना. खाली बघतच त्यांनी विचारलं, "आठ-आठ घंटे काय करत होती मंग?"

"काय करीन? भात मांडो, पोरीचे केस इंचरो, शेजारच्या तुळसासंग बोलो. अन् कान तिकडे." रत्नाबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "एक डाव तरी मले तुमच्यासंग जाचं हाये. तुमी खाली अन् मी वर, असंच गेलं सारं. बुडाचं असन तं दोघंबी बुडू. पण मी आता काठावर बसून नाही रायनार. तुमालेबी नाही बसू देनार. ते काई सोपं नसते."

यादोरावांनी दाखल्याचा कागद कोनाड्यातून काढून पासपोर्टच्या पिशवीत ठेवला.

भीती काही गेली नाही. उलट आता ती लपवायची गरज नसल्यामुळे घरभर मोकळी फिरायला लागली. आंघोळीच्या बादलीकडे पाहता पाहता यादोराव थांबून जात. जेवताना मध्येच म्हणत, "चार-पाच किलोमीटर खोल म्हणते रक्षा." रत्नाबाई म्हणत, "असू द्या. भात घ्या." बॅगा भरून झाल्या, पुन्हा वजन केल्या, चटणीची बरणी तीन वेळा आत गेली आणि दोन वेळा बाहेर आली.

निघायच्या दिवशी सकाळी नागपूरच्या विमानतळावर जायला गाडी आली, तेव्हा अंगणात पंचवीसेक माणसं जमली होती. चिखल्याहून जीवन आणि त्याची बायको तुळसा खास आले होते. जीवन खाणीत ड्रिलर होता, यादोरावांच्याच बरोबर भरती झालेला आणि मिशीला पीळ देऊन बोलणारा. तुळसा कॉलनीत रत्नाबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहायची.

"जय भीम" घालून झाले. कुणी फुलांची माळ घातली. शेजारची एक म्हातारी हनुवटीला हात लावून म्हणाली, "एवढं मोठं पाणी. भेव नाही लागत का रे बापू?"

यादोरावांच्या आधी जीवनच बोलला. "त्याले काय भेव लागते माय? चौतीस वर्षं जमिनीच्या पोटात काढले आमी. भेव कसं असते ते आमाले माहीतच नाही. सांग ना यादो."

सगळे यादोरावांकडे पाहत होते. नेहमीचं हसणं त्यांच्या ओठांशी आलंही होतं. समोर रत्नाबाई पांढरे बूट घालून गाडीत चढत होत्या, एक पाय आत, एक बाहेर.

"लागते," यादोराव म्हणाले. "लय लागते. तवाबी लागत होतं."

कुणीतरी थट्टा समजून हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. जीवनचा हात मिशीवर होता तो खाली आला. त्यानं चपलेनं जमिनीवरची माती थोडी इकडून तिकडे केली.

"मलेबी लागे," तो म्हणाला. "रोज. खाली नेनाऱ्या केजमधी पाय ठेवताना."

तुळसानं नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

रत्नाबाईंनी आत सरकून जागा केली. यादोराव गाडीत बसले. आपला उजवा हात त्यांनी चारचौघांदेखत रत्नाबाईंच्या हातात दिला, आणि दार बाहेरून जीवननं लावलं.